रांगणे, चालणे आणि झोप: बाळांवरील संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या हालचालींचा विकास आणि त्याची झोप यांवरील संशोधनाबद्दल आई-वडील, आजी-आजोबा आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात आवश्यक असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आपल्या बाळाविषयी शंका असल्यास हे वाचून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

१. हालचाल आणि झोप हे दोन वेगळे विषय आहेत. संशोधक त्यांचा एकत्र अभ्यास का करतात?

फार काळ ते वेगळेच होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येल विद्यापीठातील आर्नॉल्ड गेसेल आणि न्यूयॉर्कमधील मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळ मान कधी धरते, पालथे कधी पडते, उभे कधी राहते याच्या बारकाईने नोंदी केल्या. त्यांचा भर जागेपणीच्या हालचालींवर होता. झोपेच्या संशोधनाला वळण मिळाले ते शिकागो विद्यापीठात. तेथे यूजीन ॲसरिन्स्की यांनी झोपलेल्या बाळांच्या पापण्यांखाली बुबुळे कशी फिरतात हे पाहण्यापासून सुरुवात केली आणि पुढे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासह १९५३ मध्ये, प्रौढांवरील नोंदींच्या आधारे, जलद नेत्रहालचालींच्या झोपेचा शोध प्रसिद्ध केला. या शोधाची पहिली पावले बाळांच्या पाळण्याशेजारी पडली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गेल्या दोन-अडीच दशकांत हे दोन प्रवाह जवळ आले. इस्राएलमधील हैफा विद्यापीठाच्या अनात शेर, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड महाविद्यालयातील सारा बर्गर आणि आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लुमबर्ग ही या क्षेत्रातील ठळक नावे आहेत. त्यांचे प्रश्न तीन आहेत. नवे कौशल्य येताना झोप विस्कटते का (प्रश्न ३), शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते का (प्रश्न ४), आणि झोपेतल्या हालचालींतून मेंदूला शरीराची ओळख होते का (प्रश्न २).

२. नवजात बाळ झोपेत दचकते, हसते, त्याची बोटे सारखी उडतात. त्याला स्वप्ने पडतात का?

झोपेतल्या बाळाला सटवाई हसवते आणि सटवाईच रडवते, असे आपल्याकडच्या आज्या सांगतात. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नीट पाहिली गेली आहे. तिचे कारण मात्र आता उलगडू लागले आहे. नवजात बाळाच्या एकूण झोपेपैकी सुमारे निम्मी झोप ही जलद नेत्रहालचालींची, म्हणजे बाळांच्या बाबतीत जिला ‘सक्रिय झोप’ म्हणतात ती असते. हॉवर्ड रॉफवार्ग आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये हे प्रमाण मांडून असा विचार पुढे ठेवला की, एवढी मोठी वाटणी मेंदूच्या घडणीसाठीच असली पाहिजे.

दूध पिऊन झोपलेल्या दोन महिन्यांच्या बाळाजवळ दहा मिनिटे बसावे. आधी श्वास एकसारखा चालतो आणि अंग स्वस्थ असते. मग श्वास अनियमित होतो, पापण्या थरथरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, आणि करंगळी किंवा अंगठा एकदम झटका देऊन पुन्हा सैल पडतो. कधी एकच बोट, कधी मनगट, कधी पावलाचा चवडा. या झटक्यांना दीर्घकाळ स्वप्नांचे अवशेष समजले गेले. ब्लुमबर्ग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर केलेल्या कामातून दिसले की, असा प्रत्येक झटका त्या अवयवाची संवेदना मेंदूकडे परत पाठवतो. शरीर शांत असल्यामुळे ती एकटी संवेदना मेंदूला स्पष्ट कळते, आणि कोणता स्नायू आखडला की कोणता अवयव हलतो याचा नकाशा तयार होण्यास मदत होते. मानवी बाळांवरील त्यांच्या गटाच्या अभ्यासात असेही आढळले की, सुमारे तीन महिन्यांच्या वयापासून हे झटके शांत झोपेतही दिसू लागतात आणि मेंदूत त्या वेळी उठणाऱ्या लहरींच्या छोट्या झुबक्यांशी त्यांची वेळ जुळते.

बाळाला स्वप्ने पडतात की नाही, हे त्याला विचारता येत नाही, त्यामुळे त्याविषयी काही ठामपणे म्हणता येणार नाही. कोणते झटके काळजीचे, यासाठी प्रश्न १४ पाहावा.

३. बाळ रांगायला लागल्यापासून रात्री पुन्हा उठू लागले. आधी छान झोपायचे. आमचे काही चुकते आहे का?

नाही. सर्वांत जास्त येणारा आणि बहुधा सर्वांत थकलेल्या माणसांकडून येणारा हा प्रश्न आहे. अनात शेर आणि डिना कोहेन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ निरोगी बाळांचा पाचव्या ते अकराव्या महिन्यापर्यंत, दर दोन-तीन आठवड्यांनी, मागोवा घेतला होता. ही बाळे सरासरी सातव्या महिन्यात रांगू लागली. रांगणे सुरू झाले त्या सुमारास रात्री जागे होण्याचे सरासरी प्रमाण १.५५ वरून १.९८ वर गेले, झोपेतली चुळबुळही वाढली, आणि साधारण तीन महिन्यांत झोप पूर्वपदावर आली.

आकडे नीट वाचावेत. दीडवरून दोन ही वाढ कागदावर लहान दिसते. पण ती सरासरी आहे, आणि ज्या घरात बाळ चार वेळा उठते त्या घराला सरासरीचा काही दिलासा नसतो. कारणांबद्दल संशोधकांचे अनेक तर्क आहेत: नव्या कौशल्याने आलेली उत्तेजना, आईपासून स्वतःहून दूर जाता येऊ लागल्यामुळे वाढलेली विरहाची जाणीव, आणि एका घडीतून दुसऱ्या घडीत जाणाऱ्या मज्जासंस्थेची तात्पुरती अस्थिरता. यांतील एकच कारण खरे असले पाहिजे असे नाही.

याच काळात दात येतात, वरचे अन्न सुरू झालेले असते आणि पहिली आजारपणेही होतात. म्हणून प्रत्येक जागरणाचे खापर रांगण्यावर फोडणेही बरोबर नाही. पण ‘लाडावले आहे’, ‘दूध कमी पडते’, ‘कामावर जाणाऱ्या आईची मुले अशीच’ हे जे शेरे रात्रभर जागलेल्या आईला सकाळी ऐकावे लागतात, त्यांना या संशोधनात आधार नाही, हे मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते.

४. दुपारच्या डुलकीने बाळ शिकलेले पक्के लक्षात ठेवते, हे खरे आहे का?

काही कौशल्यांच्या बाबतीत त्याचे चांगले पुरावे आहेत. बर्गर आणि शेर यांनी २०१७ मध्ये एक साधा आणि सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच चालू लागलेल्या बाळांसमोर कापडी बोगदा ठेवला आणि पलीकडच्या टोकाला आई बसली. बाळ उभे राहूनच आत शिरू पाहते, कारण चालणे त्याला नुकतेच सापडले आहे आणि आता खाली बसून रांगायचे त्याला सुचत नाही. हळूहळू, मदतीने, ते वाकून बोगद्यातून जायला शिकते. या शिकवणीनंतर लवकर झोपलेली बाळे आणि जागी राहिलेली बाळे यांना पुन्हा त्याच बोगद्यापाशी आणले तेव्हा झोपलेल्यांनी तो अडथळा अधिक सहज पार केला.

जर्मनीतील सबिने झीहागेन आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात ६ आणि १२ महिन्यांच्या बाळांना हातबाहुलीचा हातमोजा काढण्यासारख्या कृती दाखवल्या होत्या. पाहिल्यानंतर चार तासांच्या आत किमान अर्धा तास झोपलेल्या बाळांनाच त्या कृती पुढे आठवल्या.

यावरून ‘शिकवून लगेच झोपवावे’ असे वेळापत्रक मात्र काढू नये. बाळ जागेपणी सतत काही ना काही शिकतच असते, आणि दिवसातून दोन-तीन वेळा स्वतःहून झोपते. निसर्गाने ही सोय आधीच केलेली आहे. झोपेला आलेल्या बाळाला पाहुण्यांसाठी जागे ठेवू नये, इतका अर्थ घेतला तरी पुरे आहे.

५. बाळाची झोप मोजतात तरी कशी? ते तर सांगू शकत नाही.

मुख्यतः चार मार्गांनी. आई-वडिलांनी भरलेली रोजनिशी किंवा प्रश्नावली, रात्रभर चालणारे चित्रण, डोक्यावर टिकल्यांसारखी संवेदके लावून केलेली मेंदूच्या लहरींची नोंद, आणि घड्याळाएवढे हालचाल नोंदवणारे यंत्र. हे यंत्र बाळांच्या बहुधा घोट्याला बांधतात. तेल अवीव विद्यापीठातील आवी सादेह यांनी अशा नोंदींवरून झोप आणि जाग ओळखण्याची गणिती रीत आणि पुढे २००४ मध्ये पालकांसाठीची छोटी प्रश्नावली तयार केली. दोन्ही आजही वापरात आहेत.

प्रत्येक मार्गाची उणीव वेगळी आहे. जे जागरण बाळाने न रडता काढले ते आईला कळतच नाही, म्हणून रोजनिशीत ते उतरत नाही. घोट्यावरचे यंत्र ते पकडते, पण त्याला बाळ हलले की पाळणा हलला यातला फरक कळत नाही. झोळीत, पाळण्यात किंवा आईच्या कुशीत झोपणाऱ्या बाळांच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे, आणि वेगळ्या खाटेवर एकट्या झोपणाऱ्या बाळांवर बसवलेली गणिते आपल्या घरांना लावताना ती विसरता येत नाही.

६. जन्मल्यावर बाळाला उभे धरले की ते पावले टाकत होते. दोन महिन्यांनी ते बंद झाले. कौशल्य हरवले का?

हरवले नाही. अमेरिकेतील एस्थर थेलन यांनी १९८४ मध्ये याचा छडा लावला. पावले टाकणे थांबलेल्या बाळांना त्यांनी छातीपर्यंत पाण्यात धरले, तेव्हा पावले परत आली. उलट ज्यांची पावले अजून पडत होती, त्यांच्या पायांना लहान वजने लावताच ती कमी झाली. पहिल्या महिन्यांत मांड्या झपाट्याने गुटगुटीत होतात आणि स्नायूंची ताकद मागे राहते, एवढाच तो मामला होता. मेंदू परिपक्व झाला की हालचाली आपोआप क्रमाने उलगडतात, ही जुनी समजूत या प्रयोगाने हलली. शरीराचे वजन, जमीन आणि सराव हे सगळे मिळून हालचाल घडते, हा विचार पुढे रुजला.

७. चालायला शिकताना बाळ दिवसभर पडते. हे किती प्रमाणात स्वाभाविक आहे?

न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांच्या मोकळ्या खेळाचे चित्रण मोजले. २०१२ मध्ये आलेले आकडे असे: तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे. तासाभरात बाळ सुमारे ७०० मीटर चालते.

रांगण्यात तरबेज झालेले बाळ ते सोडून डगमगत चालायला का लागते, याचे उत्तरही त्याच अभ्यासात आहे. नवखे चालणारे बाळ तरबेज रांगणाऱ्यापेक्षा अधिक अंतर आणि अधिक वेगाने जाते, आणि हे वाढलेले अंतर हिशेबात धरले तर ते रांगणाऱ्यापेक्षा जास्त पडत नाही. ॲडॉल्फ यांच्या उतारांवरील प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली. कोणता उतार झेपेल हे रांगताना नीट ओळखणारे बाळ चालू लागले की त्याच उतारावरून बेधडक पुढे जाते. प्रत्येक नव्या पवित्र्यात धोका नव्याने शिकावा लागतो. म्हणून ‘ते आता पलंगाच्या कडेला थांबते’ ही रांगत्या बाळाविषयीची खात्री ते चालू लागल्यावर धरून चालू नये.

८. आमचे बाळ रांगलेच नाही, एकदम उभे राहिले. पुढे काही त्रास होईल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ बाळांच्या सहा टप्प्यांच्या नोंदी आहेत. भारतातील बाळे दक्षिण दिल्लीतील होती. पाचही देशांतील मिळून ४.३ टक्के बाळे हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही बाळे पोटावर सरपटतात, काही बसल्या बसल्या ढुंगणावर पुढे सरकतात; अशी सरकणारी बाळे बहुधा थोडी उशिरा चालतात.

आपल्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण एक गुडघा टेकून, एका हातात लोणी धरून असतो, आणि रांगणे म्हणजे तेच, अशी आपली कल्पना झालेली असते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने तर २०२२ मध्ये आपल्या पालकांसाठीच्या यादीतून रांगण्याचा टप्पाच काढून टाकला. या निर्णयावर तेथील अनेक उपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. माझ्या मते रांगणे पाहावे जरूर, पण केवळ ते झाले नाही म्हणून घाबरू नये. शरीराची एकच बाजू वापरून सरकणे मात्र वेगळी गोष्ट आहे (प्रश्न १४).

९. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले, आमचे चौदाव्यातही नाही. उशीर कशाला म्हणायचे?

प्रश्न ८ मधील जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातील कालमर्यादा पाहाव्यात. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आणि स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे चालण्याच्या बाबतीत निरोगी बाळांमध्येच नऊ महिन्यांहून अधिक अंतर असू शकते. दहा आणि चौदा हे दोन्ही आकडे त्यात सहज बसतात.

भारतीय बाळांसाठीचे मोजमापही आहे. बडोद्याला प्रमिला फाटक यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या श्रेणीच्या आधाराने, जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या भारतीय बाळांची विकासश्रेणी तयार झाली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. ती प्रशिक्षित व्यक्तीने वापरायची असते. मोबाइलवरच्या याद्या भरून तिचे काम होत नाही.

१०. बाळ सातव्या महिन्यातच, म्हणजे बत्तीस आठवड्यांना, जन्मले. त्याचे वय कोणते धरायचे?

हालचाल आणि झोप या दोन्हींसाठी, साधारण दोन वर्षांपर्यंत, प्रसूतीसाठी दिलेल्या तारखेपासून मोजलेले सुधारित वय धरावे. आठ आठवडे आधी आलेले बाळ दहा महिन्यांचे झाले की प्रश्न ९ मधील आकड्यांशी तुलना करताना ते आठ महिन्यांचे समजावे. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच होते.

११. पाठीवर झोपवल्यामुळे बाळे उशिरा पालथी पडतात, असे ऐकले. मग पोटावर झोपवावे का?

झोपवू नये. झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका पोटावर झोपवल्याने वाढतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पोटावर न झोपवण्याची शिफारस केली आणि १९९४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत तेथील असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावर झोपणाऱ्या बाळांनी काही टप्पे लवकर गाठले, हे खरे. पण दोन्ही गट सामान्य मर्यादेतच होते आणि चालण्याच्या वयात फरक नव्हता.

उपाय जागेपणी करायचा आहे. अजून सरकता न येणाऱ्या बाळाला जागे असताना, समोर बसून, दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे मार्गदर्शन सांगते. सतरंजीवर पाच-पाच मिनिटे सुरू केले तरी चालते.

झोपेत बाळ स्वतःच पालथे पडले तर काय, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. दोन्ही बाजूंनी वळता येणाऱ्या बाळाला पाठीवर झोपवावे, मग त्याने घेतलेल्या कुशीवर राहू द्यावे. पालथे पडण्याची चिन्हे दिसू लागताच दुपट्यात घट्ट गुंडाळणे थांबवावे, आणि अंथरुणात उशा, लोड व मऊ खेळणी ठेवू नयेत.

१२. मालिश, पाळणा, गुंडाळणे या आपल्या पद्धतींनी विकास लवकर होतो की उशिरा?

संगोपनाच्या रीतीने टप्प्यांची वेळ पुढे-मागे होते, हे अनेक समाजांत दिसले आहे. केनियातील किप्सिगिस समाजात बाळांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखवले की ती बाळे हे दोन टप्पे लवकर गाठतात, पण जे शिकवले जात नाही त्यात पुढे नसतात. ताजिकिस्तानात ‘गहवोरा’ नावाच्या पाळण्यात बाळाचे हातपाय कापडी पट्ट्यांनी बांधून त्याला तासन्‌तास निजवतात. लाना कॅरासिक, ॲडॉल्फ (प्रश्न ७) आणि सहकाऱ्यांना ती बाळे प्रश्न ९ मधील मर्यादांच्या तुलनेत उशिरा चालताना आढळली, आणि चार-पाच वर्षांची झाल्यावर मागे राहिलेली दिसली नाहीत. उलट वेन आणि मार्सेना डेनिस यांनी १९४० मध्ये अमेरिकेतील होपी समाजाविषयी लिहिले की, फळीला बांधून वाढवलेली आणि न बांधलेली बाळे एकाच सुमारास चालली.

आपल्या न्हाऊ-माखूमध्ये हातापायांची ताणाताण, स्पर्श आणि रोज ठरावीक वेळी होणारी गोष्ट हे सारे एकत्र असते, त्यामुळे यातले कशाने काय होते हे वेगळे काढणे कठीण आहे. हलक्या हाताची मालिश सुखाने करावी. टाळू दाबणे आणि पाय धरून उलटे टांगणे करू नये.

१३. पांगुळगाडा द्यावा का? आणि सारखा डायपर घातल्याने चालण्यावर परिणाम होतो का?

उभे राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा आणि आत बसून पायांनी रेटायचा चाकांचा वॉकर या निराळ्या वस्तू आहेत. वॉकरमध्ये बाळ तोल सांभाळायला शिकत नाही, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. वॉकर देऊ नये. पांगुळगाडा, बाळ स्वतः धरून उभे राहू लागल्यावर, सपाट जमिनीवर आणि कोणी जवळ असताना द्यावा.

डायपरविषयी ॲडॉल्फ (प्रश्न ७) यांच्याच गटाचा २०१२ चा अभ्यास आहे: १३ आणि १९ महिन्यांची बाळे उघडी असताना सर्वांत चांगली चालली. हा परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला आहे. घरी रोज थोडा वेळ बाळाला मोकळे ठेवण्याची आपली पद्धत त्यामुळे अधिकच योग्य वाटते.

१४. मग डॉक्टरांकडे नेमके कधी जावे?

आधाराशिवाय बसणे नऊ महिन्यांनंतरही जमत नसेल, अठरा महिने झाले तरी बाळ चालत नसेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, एकच हात किंवा एकच पाय वापरला जात असेल, पहिल्या वर्षाच्या आतच डावे-उजवे ठरल्यासारखे दिसत असेल, किंवा जमत असलेली गोष्ट बंद झाली असेल (प्रश्न ६ मधील नवजात पावले वगळून), तर वाट पाहू नये. झोपेत घोरणे, श्वास मध्येच थांबणे किंवा ओठ निळे पडणे हीसुद्धा तातडीची कारणे आहेत.

झटक्यांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी. प्रश्न २ मध्ये सांगितलेले झटके फक्त झोपेत येतात आणि बाळाला जागे केले की थांबतात. जागेपणी, विशेषतः झोपेतून उठल्या उठल्या, डोके आणि हात एकदम पुढे आखडण्याचे झटके एकामागून एक मालिकेने येत असतील, तर ते आकडीचे असू शकतात आणि त्यात दिवस घालवणे धोक्याचे आहे. अशा वेळी मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करावे, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असे, अंगावरचे पांघरूण बाजूला सारून. झटके कधी आले आणि किती आले ते कागदावर लिहावे. आणि त्याच दिवशी दोन्ही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.